स्थलनामांची साक्ष : गिरगाव ते परळ या पट्ट्यातील काही शब्दांचे अर्थ व मूळ

१. विषयप्रवेश

मुंबई शहराच्या इतिहासाची साधने बहुतेक परभाषेतील आहेत. पोर्तुगीजांचे जमीनमहसुलाचे कागद, ईस्ट इंडिया कंपनीचा पत्रव्यवहार, नगरपालिकेचे व रेल्वे कंपन्यांचे दप्तर यांच्या आधारे या शहराचा वृत्तान्त लिहिला गेला. मराठीत मुंबईवर लिहिलेला पहिला स्वतंत्र ग्रंथ म्हणजे गोविंद नारायण माडगांवकर यांचे ‘मुंबईचे वर्णन’. तो १८६३ साली प्रसिद्ध झाला. त्यापूर्वीच्या काळाविषयी मराठी लेखी साधन हवे असल्यास ‘महिकावतीच्या बखरी’सारखी मोजकीच नावे घेता येतात. अशा स्थितीत या बेटावर पिढ्यानपिढ्या राहिलेल्या मराठीभाषी लोकांची स्वतःची साक्ष कोठे शोधावयाची, असा प्रश्न अभ्यासकापुढे उभा राहतो. त्याचे एक उत्तर असे की, ती साक्ष त्यांनी ठिकाणांना दिलेल्या नावांत आणि रोजच्या व्यवहारातील शब्दांत आहे.

मात्र ही साक्ष जशीच्या तशी स्वीकारता येत नाही. नावाचा अर्थ सांगणे सोपे असते व ऐकणाराला ते गोडही वाटते. त्यामुळे एकेका नावाभोवती तीनतीन चारचार कथा जमा झाल्या आहेत. त्यांतील ग्राह्य कोणती व अग्राह्य कोणती हे ठरविण्याचे काही नियम असावयास हवेत. प्रस्तुत लेखात असे नियम मांडून, गिरगाव, दादर, परळ, लालबाग व त्यांच्या शेजारच्या काही ठिकाणांच्या नावांवर ते लावून पाहावयाचे आहेत. तुलनेसाठी उत्तर कॅलिफोर्नियातील कारोक या आदिवासी भाषेच्या अभ्यासाचा उपयोग केला आहे. ही तुलना दूरची वाटली तरी अगदीच परकी नाही. कारोक भाषेचे व्याकरण, कथा व शब्दसंग्रह १९५७ साली प्रसिद्ध करणारे विल्यम ब्राइट हे त्याच सुमारास पुण्याच्या डेक्कन कॉलेजात भाषाशास्त्राचे काम करीत होते, आणि त्यांचे बोली कानडीवरील पुस्तक १९५८ साली त्याच संस्थेने प्रसिद्ध केले.

२. तीन कसोट्या

स्थलनामाच्या व्युत्पत्तीला तीन कसोट्या लावाव्यात. पहिली, नावाचे जुन्यात जुने लेखी रूप कोणते. दुसरी, सुचविलेल्या मूळ शब्दापासून आजचे रूप मराठीच्या ज्ञात ध्वनिनियमांनी सिद्ध होते की नाही. तिसरी, सुचविलेला अर्थ त्या जागेच्या भूरचनेशी जुळतो की नाही. तिन्ही कसोट्यांना उतरणारी व्युत्पत्ती ग्राह्य मानावी. एकीला उतरणारी केवळ शक्य मानावी. आणि दुसरीला न उतरणारी, ती कितीही रंजक असली तरी, सोडून द्यावी.

पहिल्या कसोटीचे प्रसिद्ध उदाहरण खुद्द शहराच्या नावाचे आहे. पोर्तुगीज भाषेतील ‘चांगली खाडी’ या अर्थाच्या शब्दांवरून ‘बॉम्बे’ हे नाव पडले, ही समजूत दीर्घकाळ प्रचलित होती. परंतु सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिणाऱ्या दुआर्ते बार्बोझाने या स्थळाचे नाव ठाण्याच्या नावाला जोडून ‘मायांबु’ असे दिले आहे. त्यात आरंभी मकार आहे, बकार नाही. शिवाय पोर्तुगीजमध्ये खाडीचा वाचक शब्द स्त्रीलिंगी असल्याने त्याला ‘बोम’ हे पुल्लिंगी विशेषण लागू शकत नाही. ‘बोआ’ असे म्हणावे लागेल. तेव्हा पोर्तुगीजांनी नाव दिले नाही. ऐकलेले नाव आपल्या जिभेला वळेल असे लिहिले. मुंबादेवीच्या नावाशी असलेला संबंध मूळचा, आणि ‘बॉम्बे’ हे त्याचे परकीय कानांनी घडविलेले रूप होय. जेर्सन द कुन्या यांनी १९०० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या सर्व प्रश्नाचा विस्ताराने परामर्श घेतला होता. तरीही १९९५ साली शहराचे अधिकृत नाव मुंबई झाले तेव्हा पोर्तुगीज व्युत्पत्तीची कथा पुन्हा वादात आणली गेली. नावाच्या उगमाविषयीचे मत हे अनेकदा शहराच्या उगमाविषयीचे, आणि म्हणून त्यावरील हक्काविषयीचे मत असते, एवढे यावरून ध्यानात यावे.

दुसऱ्या कसोटीसाठी माझगाव हे नाव घेऊ. याचे तीन अर्थ सांगितले जातात : मासळीचे गाव, म्हणजे मत्स्यग्राम, मधले गाव, म्हणजे मध्यग्राम, आणि ‘माझे गाव’. तिसरा अर्थ नावाच्या आजच्या उच्चारावरूनच सुचलेला असल्याने त्याचा विचार करण्याचे कारण नाही. पहिला अर्थ कोळ्यांच्या जुन्या वस्तीमुळे आकर्षक वाटतो व भूरचनेच्या कसोटीस उतरतोही. परंतु संस्कृत ‘मत्स्य’चे प्राकृत रूप ‘मच्छ’, आणि प्राकृतातील ‘च्छ’चा मराठीत सकार होतो. ‘मासा’ हा शब्द असाच सिद्ध झाला; ‘वत्स’पासून ‘वच्छ’ व त्यापासून ‘वासरू’ हेही त्याच वाटेने आले. ‘मच्छ’पासून ‘माझ’ होण्यास मराठीत आधार नाही. उलट ‘मध्य’चे प्राकृत ‘मज्झ’ होते आणि त्यापासून ‘माझ’ वा ‘माज’ हे रूप नियमाने येते. घराच्या मधल्या दालनाला आपण ‘माजघर’ म्हणतो ते याच मुळाचे. तेव्हा माझगाव म्हणजे मधले गाव असेच म्हणावे लागते. पोर्तुगीजांनी हे नाव ‘माझागांव’ अशा उच्चाराचे लिहिले. मोरोक्कोच्या किनाऱ्यावर त्यांचा त्याच नावाचा किल्ला होता. ओळखीच्या नावाच्या साच्यात नवे नाव बसविण्याचाच हा प्रकार असावा.

शीव हे नाव तिन्ही कसोट्यांचे आदर्श उदाहरण आहे. ‘सीमा’ शब्दातील मकाराचा मराठीत अनुनासिक वकार होतो. ‘ग्राम’चे ‘गांव’, ‘नाम’चे ‘नांव’, ‘कोमल’चे ‘कोंवळा’ आणि तसेच ‘सीमा’चे ‘शींव’. मुंबई बेटाची हद्द तेथे संपून साष्टीची सुरू होई, म्हणून ती शीव. युरोपीय लोकांनी त्याचे ‘सायन’ केले तेव्हा त्यांच्या कानाला बायबलातील पवित्र टेकडीचे नाव ऐकू आले, व पुढे त्यावरूनच हे नाव पडले असे सांगणारेही निघाले. गिरगावचे नावही याच ध्वनिनियमाने स्पष्ट होते. ‘ग्राम’चे ‘गाव’ झाले, पूर्वपद ‘गिरि’, आणि मलबार टेकडीच्या पायथ्याशी वसलेले गाव हा अर्थ आजही नकाशावर पडताळता येतो.

३. भूमी, वृक्ष आणि पाणी

भर घालून सलग केलेल्या जमिनीवर मुंबई आज उभी आहे. सात बेटांच्या मधली भरतीची पाणथळ तिच्याखाली गाडली गेली. ती पाणथळ पुन्हा पाहावयाची असल्यास स्थलनामांकडे वळावे. उमरखाडी हे त्यातील एक. ‘उदुंबर’पासून ‘उंबर’, आणि ‘उंबरखाडी’चे बोलण्यात ‘उमरखाडी’ झाले. पुढे भोवती मुसलमान वस्ती वाढल्यावर ‘उमर’ हे व्यक्तिनाम असावे, असा समज होणे स्वाभाविक होते. परंतु उत्तरपद ‘खाडी’ असताना पूर्वपदी झाडाचे नाव येणे या बेटावर अधिक रूढ दिसते. चिंचपोकळी या नावाची घडणही तशीच आहे : चिंच हे झाड आणि पोकळी म्हणजे दोन उंचवट्यांमधील खोलगट जागा. भायखळा या नावाच्या पूर्वपदी कोणी बहावा हा वृक्ष मानतात तर कोणी भाया नावाचा इसम. उत्तरपदातील ‘खळे’, म्हणजे मळणीची जागा, याविषयी मात्र मतभेद नाही. त्या अर्थी आज जेथे रेल्वेचे रूळ आहेत तेथे कधी भाताची मळणी होत होती.

पायधुणी हे नाव तर एका क्रियेचेच आहे. महालक्ष्मीजवळच्या खिंडारातून समुद्राचे पाणी आत शिरून मधला सखल भाग व्यापी, आणि तो ओलांडून आलेला माणूस तेथे पाय धूत असे, अशी या नावाची उपपत्ती दिली जाते. हे खिंडार बुजविणारा बांध गव्हर्नर विल्यम हॉर्नबी याच्या कारकीर्दीत, १७८४ च्या सुमारास पुरा झाला. त्याला ‘हॉर्नबी वेलार्ड’ म्हणत. यातील ‘वेलार्ड’ हा शब्द इंग्रजी नव्हे. कुंपण वा बांध या अर्थाच्या पोर्तुगीज ‘वालादो’ शब्दाचे ते मुंबईकर इंग्रजांच्या तोंडचे रूप आहे. पोर्तुगीजांची सत्ता या बेटावरून जाऊन शतक उलटले होते, तरी बांधाला इंग्रजांनी वापरलेला शब्द पोर्तुगीजांचाच होता. सत्ता बदलली म्हणून कामाचे शब्द लगेच बदलत नाहीत, हे या एका नावावरून सिद्ध होते.

दादर या नावाचा विचार येथेच करणे युक्त. दादर म्हणजे जिना, हा अर्थ मराठीत व गुजरातीत परिचित आहे, आणि मुंबईत शिरण्याची पायरी म्हणून दादर असे स्पष्टीकरण सर्वत्र ऐकू येते. परंतु दादरची जागा सखल. तेथे चढण्यासारखे काही नव्हते. माहीम व परळ या बेटांमधील ओलसर भूमीत ते आहे. तेव्हा जिना हा अर्थ शब्दशः न घेता, ज्यावर पाय ठेवून पलीकडे जाता येते अशी फळ्यांची वा बांधाची वाट, असा घेतला तर भूरचनेची कसोटी पूर्ण होते. रायगड जिल्ह्यात पेण तालुक्यात दादर नावाचे दुसरे एक गाव आहे आणि तेही खाडीकाठचेच आहे, ही गोष्ट या अर्थाला पुष्टी देते. एकच नाव सारख्या भूरचनेच्या दोन ठिकाणी आढळणे हा एकट्या नावावर रचलेल्या कथेपेक्षा बळकट पुरावा होय. खानदेशात ज्वारीच्या एका जातीला दादर म्हणतात. त्या शब्दाचा येथे संबंध जोडण्याचे कारण नाही. रूपसादृश्य म्हणजे नाते नव्हे, हे व्युत्पत्तीच्या अभ्यासकाने सतत स्मरणात ठेवावे.

४. वाडी, भाट, ओर्ता आणि बाग

गिरगावात शिरताच नावांचा एक वेगळाच समूह भेटतो. फणसवाडी, आंबेवाडी, केळेवाडी, कांदेवाडी, खेतवाडी. त्याचप्रमाणे मुगभाट आणि बोरभाट. ही सर्व नावे एकत्र वाचली की गिरगावचे जुने रूप आपोआप उलगडते. तो फळबागांचा, माडांचा व भाजीपाल्याचा प्रदेश होता. यांपैकी ‘वाडी’ शब्दाची घडण स्पष्ट आहे. ‘वाटिका’पासून ‘वाडी’; स्वरांमधील टकाराचा डकार होणे मराठीत नित्याचे, जसे ‘घोटक’चे ‘घोडा’. अर्थ प्रथम बाग. कोकणात तोच शब्द बागेसह असलेल्या घरांच्या समूहालाही लावतात. गिरगावात अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत बागांत घरे झाली, घरांच्या जागी चाळी झाल्या, आणि ‘वाडी’ म्हणजे एका दरवाजाच्या आत असलेला चाळींचा समूह असा अर्थ रूढ झाला. शब्द तोच राहिला. त्याच्या खालची जमीन तीनदा बदलली. खोताच्या वाडीसारख्या नावांत झाडाच्या जागी मालक आला, हीदेखील त्याच बदलाची एक पायरी होय.

‘भाट’ शब्द अधिक विचार करावयास लावतो. मुगभाट हे नाव ऐकून मूग आणि भात अशी फोड करणारे आजही भेटतात. परंतु गोव्याच्या कोंकणीत ‘भाट’ म्हणजे माडापोफळीची वा फळझाडांची बागायत जमीन. बोरभाट या नावात बोरीच्या झाडाशी भाताची सांगड बसत नाही. बोरींची बागायत मात्र सहज बसते. एका नावाचा अर्थ लावताना त्याच घडणीचे दुसरे नाव शेजारी ठेवावे, म्हणजे चूक आपोआप उघडी पडते. या शब्दावरून गिरगाव आणि दक्षिण कोकण-गोवा यांच्यामधील जुन्या शब्दसंबंधाची एक कडीही हाती येते.

याच बागांना पोर्तुगीज ‘ओर्ता’ म्हणत आणि मुंबईच्या इंग्रजांनी तो शब्द माडांच्या बागेसाठी ‘ओर्ट’ असा उचलला. युल व बर्नेल यांच्या १८८६ च्या प्रसिद्ध कोशात त्याची नोंद आहे. गिरगावच्या वाड्यांच्या नावांत मात्र तो कोठेही आढळत नाही. उत्तरेला लालबागेत आपण येतो तेव्हा तिसरा शब्द भेटतो. ‘लाल’ व ‘बाग’ ही दोन्ही पदे फारसीतून आलेली. एकाच बेटावर, एकाच वस्तूसाठी वाडी, भाट, ओर्ता व बाग असे चार शब्द होते. झाडे लावणाराची भाषा वाडी व भाट या शब्दांत राहिली. जमिनीची मोजणी करून कर घेणाराची भाषा ओर्ता शब्दात राहिली. आणि बाग ही फारसी शब्दकळा रुळलेल्या लोकांची. पहिले दोन शब्द आजही पत्त्यात लिहिले जातात, तिसरा केवळ दप्तरात उरला. नाव टिकते ते बोलणाराच्या संख्येवर, हुकुमावर नव्हे, असा निष्कर्ष येथे काढता येतो.

याच्या उलट प्रकारचे उदाहरण करी रोडचे आहे. हे नाव मुंबई-बडोदा रेल्वेचे एजंट चार्ल्स करी यांच्यावरून पडले. ज्यांना हा इसम ठाऊक नाही त्यांना त्यात खाद्यपदार्थ दिसतो. व्यक्तिनामावरून पडलेल्या नावाचा अर्थ ती व्यक्ती विस्मृत होताच नष्ट होतो. झाडावरून वा पाण्यावरून पडलेल्या नावाचा अर्थ झाड व पाणी गेल्यावरही भाषेत शिल्लक राहतो.

५. परळ : एक अनिर्णित प्रश्न

परळ या नावाच्या दोन व्युत्पत्ती सांगतात. एक पाडळ या वृक्षावरून, दुसरी परळी वैजनाथ या दैवतावरून. पहिली दुसऱ्या कसोटीस नीट उतरत नाही. संस्कृत ‘पाटला’चे मराठीत ‘पाडळ’ होते व तेथेच थांबते. पाडळी, पाडळे अशी गावांची नावे महाराष्ट्रात अनेक असून त्यांत डकार व आद्य आकार दोन्ही टिकून आहेत. मुंबईतच डकाराचा रकार आणि आकाराचा अकार का व्हावा, याचे कारण देता येत नाही. दुसऱ्या व्युत्पत्तीत शेवटच्या ईकाराच्या लोपाची अडचण आहे, पण ती तुलनेने लहान.

येथे पुरातत्त्वाचा पुरावा विचारात घेण्याचा मोह होतो. १९३१ साली परळ येथे रस्त्याच्या कामात शिवाचे एक भव्य शिल्प सापडले. एका मूर्तीतून दुसऱ्या मूर्ती उमलाव्यात अशी त्याची रचना असून विद्वान ते पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमाराचे मानतात. ते तेथील बारादेवीच्या मंदिरात आहे. यावरून परळच्या भूमीत शैव उपासना फार प्राचीन असल्याचे सिद्ध होते. परंतु दैवत प्राचीन असणे आणि त्या दैवताचे विशिष्ट नाव गावाला मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. शिल्प नावाविषयी काही बोलत नाही. म्हणून वृक्षाची व्युत्पत्ती सोडावी, दैवताची शक्य मानावी, आणि जुने लेखी रूप हाती येईपर्यंत निर्णय राखून ठेवावा, हेच शास्त्रास धरून होईल.

६. दिशांची नावे : कारोक आणि घाटी

आता ठिकाणांवरून माणसांच्या नावांकडे वळू. येथे कारोक भाषेचे उदाहरण फार बोधप्रद आहे. क्लॅमथ नदीच्या काठी राहणाऱ्या या लोकांच्या भाषेत दिशा सूर्यावरून सांगत नाहीत, नदीवरून सांगतात. ‘करुक’ म्हणजे प्रवाहाच्या वरच्या बाजूला, ‘युरुक’ म्हणजे खालच्या बाजूला, ‘मरुक’ म्हणजे नदीपासून वर डोंगराकडे आणि ‘सरुक’ म्हणजे खाली नदीकडे. हे चार शब्द सापेक्ष आहेत; बोलणारा जेथे उभा असेल तेथून त्यांचा अर्थ लागतो. परंतु बाहेरून आलेल्या लोकांनी त्यांतील दोन शब्द उचलून दोन जमातींची कायमची नावे केली. वरच्या बाजूचे ते कारोक, आणि खाली समुद्राकडे राहणारे ते युरोक. गंमत अशी की युरोक लोकांची भाषा वेगळ्याच कुळातील असून, त्यांना चिकटलेले नाव त्यांच्या भाषेतील नाही. ते शेजाऱ्याच्या भाषेतील एक दिशावाचक अव्यय आहे. कारोक लोक माणसासाठी व स्वतःसाठी वापरीत तो शब्द ‘अरार’ असा निराळाच होता.

लालबाग-परळच्या कामगार वस्तीत हाच प्रकार घडला. गिरण्यांत आलेला मराठी कामगार मुख्यतः दोन दिशांनी आला : रत्नागिरीकडून कोकणातला, आणि सह्याद्रीच्या वरून सातारा-कोल्हापूरकडचा. वरून आलेल्यास घाटावरचा, वरघाटी वा घाटी म्हणत. ‘घाट’ हा शब्द संस्कृत ‘घट्ट’पासून आला असून त्याचे नदीवरील पायऱ्या व डोंगरातील वाट असे दोन अर्थ आहेत, येथे दुसरा अभिप्रेत. घाटावर राहणाऱ्या माणसाला आपण घाटी आहोत हे स्वतःच्या गावी कधीच कळले नसते. किनाऱ्यावर उभे राहून पाहणाऱ्याच्या दृष्टीनेच तो घाटी. पुढे मुंबईत इतर भाषिकांनी हा शब्द उचलला तेव्हा त्यातील दिशा नाहीशी झाली. घाटावरच्या व कोकणातल्या सर्वच मराठी माणसांना, विशेषतः घरकाम व हमाली करणाऱ्यांना, तो हिणवून लावला गेला. कोकणी माणसालाही घाटी म्हटले जाऊ लागले, म्हणजे शब्दाचा मूळ अर्थ पूर्णपणे उलटला. सापेक्ष शब्द गोठून जातिवाचक होतो तेव्हा तो कोणी गोठविला हे पाहावे. त्यात सत्तेचे नाते उघड होते. कारोक व युरोक ही नावे छापील दप्तरात गोठली. घाटी हे नाव शहराच्या रस्त्यावर गोठले.

दिशावाचक शब्दांचा हा खेळ अजून संपलेला नाही. रेल्वेने ‘लोअर परळ’ असे स्थानक केले आणि परळला वरचा-खालचा भाग मिळाला. गिरण्या बंद पडून त्यांच्या जमिनींवर उंच इमारती उभ्या राहिल्यावर त्याच लोअर परळला ‘अप्पर वरळी’ म्हणण्याचा प्रघात जागांच्या विक्रेत्यांनी पाडला. येथे ‘अप्पर’ हा शब्द कोणत्याही नदीची, डोंगराची वा रुळाची दिशा सांगत नाही.

७. गिरणीचे शब्द

मुंबईतील पहिली कापडगिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली व ती १८५६ मध्ये ताडदेवला सुरू झाली. यंत्रे इंग्लंडहून आली आणि त्यांच्यासह यंत्रांच्या भागांची इंग्रजी नावेही आली. परंतु गिरणीतील माणसामाणसांमधील व्यवहाराचे शब्द पाहिले तर ते बहुतांशी येथलेच, किंवा येथे अगोदरच रुळलेले होते. ‘पगार’ हा शब्द पोर्तुगीज ‘पागार’, म्हणजे पैसे देणे, यावरून आला असून गोमंतकीय पंडित सेबास्तियांव रोदोल्फ दाल्गादो यांनी पोर्तुगीज शब्दांच्या आशियातील प्रसाराचा जो अभ्यास १९१३ मध्ये प्रसिद्ध केला त्यात अशा शब्दांचा विस्तृत परामर्श आहे. मागाला ‘साचा’ म्हणत. मूळ अर्थ ओतकामाचा ठसा. विणकर तो साचेवाला. ‘मुकादम’ अरबीतून आला. कामावरच्या बायकांवर देखरेख करणारी ती ‘नायकीण’. एरवी नृत्यगायन करणाऱ्या स्त्रीला लावला जाणारा हा शब्द गिरणीत अधिकारवाचक झाला.

‘दस्तुरी’ शब्दात एक कटू इतिहास आहे. फारसी ‘दस्तूर’ म्हणजे रीत. कामावर घेण्यासाठी वा कामावर ठेवण्यासाठी जॉबर जे पैसे उकळी त्यास रीतीचे नाव मिळाले, म्हणजे लाचेला परंपरेचे संरक्षण मिळाले. हिंदुस्थानातील मजुरांविषयीच्या रॉयल कमिशनच्या १९३१ च्या अहवालात या प्रकाराची चर्चा आहे. ‘बदली’ हा शब्द कचेरीत एका जागेहून दुसऱ्या जागी जाणे या अर्थाचा. गिरणीत मात्र तो माणसाला लागला. ज्याने ‘खाडा’ केला त्याच्या जागी त्या दिवसापुरता उभा राहणारा तो बदली. रोज सकाळी दरवाजाशी येऊन आपल्याला काम मिळते की नाही हे पाहणाऱ्या हजारो माणसांचे सारे जीवन या एका शब्दात सामावले होते. १९३५ साली गिरणीमालकांच्या संघाने बदली कामगारांच्या नियंत्रणाची योजना आणली, तेव्हा हा बोलीतला शब्द इंग्रजी दप्तरातही तसाच लिहिला गेला. त्याला पर्याय सापडला नाही.

‘संप’ शब्दाचा प्रवास सर्वांत लक्षणीय. गुजरातीत ‘संप’ म्हणजे एकोपा, सलोखा. मराठीतही एकी, एकविचार हा त्याचा जुना अर्थ होता. कामगारांनी एक होऊन काम थांबविण्यास मराठीने याच शब्दाची निवड केली. एकीचे नाव तिच्या परिणामाला मिळाले. जुलै १९०८ मध्ये टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा गिरणकामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. १९२८ सालचा संप सुमारे सहा महिने चालला. आणि १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. या प्रत्येक प्रसंगी शब्दाच्या नव्या अर्थामागे जुना अर्थ उभा होता. आज मराठीत एकी या अर्थी ‘संप’ कोणी म्हणत नाही.

कारोक भाषेविषयी ब्राइट यांनी १९५२ च्या एका निबंधात दाखविले की, गोऱ्या लोकांबरोबर आलेल्या नव्या वस्तूंना नावे देताना त्या भाषेने उसने शब्द थोडेच घेतले. आपल्याच शब्दांचे अर्थ वाढवून वा जोडशब्द घडवून काम भागविले. गिरणगावच्या मराठीची रीत थोडी निराळी. तिने उसने घेण्यास संकोच केला नाही; मात्र उसने घेतलेल्या शब्दालाही तिने आपला अर्थ दिला. साचा, नायकीण, बदली, संप यांपैकी एकही शब्द नवा नव्हता. नवा होता तो त्यांचा अर्थ.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, या पट्ट्यातील जुनी नावे झाडे, पाणी, बागा व वाटा यांची असून, ती नावे देणारा समाज त्या जमिनीवर कष्ट करणारा होता. दुसरी, चुकीची व्युत्पत्तीही टाकाऊ नसते. तिच्यातून मूळ नावाचा इतिहास मिळाला नाही तरी ती कथा रचणाऱ्या काळाचा इतिहास मिळतो. तिसरी, अर्थांतराची तारीख बहुधा आर्थिक बदलाच्या तारखेशी जुळते. वाडीचा अर्थ बदलला तो चाळी आल्या तेव्हा, आणि बदलीचा अर्थ बदलला तो गिरण्या आल्या तेव्हा.

यातील स्थलनामांचे काम सावकाशीने करता येईल. ‘महिकावतीची बखर’ राजवाड्यांनी १९२४ साली संपादून ठेवली आहे, ज्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या विकासावरील ग्रंथ १९४१ पासून मराठीतही उपलब्ध आहे, कृ. पां. कुलकर्णी यांचा १९४६ चा व्युत्पत्तिकोश हाताशी आहे. एल्फिन्स्टन रोडचे २०१८ मध्ये प्रभादेवी झाले तसे पाट्यांवरचे बदल होत राहतील, तरी जुनी नावे कागदात सापडतील. गिरणीच्या शब्दांची स्थिती तशी नाही. ते बहुतांशी लिहिले गेले नाहीत. १९८२ साली पंचविशीत असलेला साचेवाला आता सत्तरीच्या घरात आहे. कोणत्या खात्यात कोणत्या कामास काय म्हणत, खाडा आणि रजा यांत काय भेद करीत, दस्तुरी कोणत्या नावाने मागत, हे सांगू शकणारी ही शेवटची पिढी. १९४९ च्या सुमारास ब्राइट क्लॅमथ नदीकाठी गेले तेव्हा कारोक बोलणारे मुख्यतः वृद्धच उरले होते, आणि त्यांनी तेव्हा टिपून घेतले म्हणून ती शब्दसंपत्ती त्या लोकांच्या नातवंडांना आज उपलब्ध आहे. क्लॅमथचा काठ गाठण्यासाठी त्यांना दूरचा प्रवास करावा लागला. आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना लालबागेपर्यंतच जावयाचे आहे; त्यांनी ते काम चालू वर्षातच हाती घ्यावे, अशी सूचना करून हा निबंध संपवितो.